गिलाव्याखालचा एक इंच

मित्रांनो, मानवाने स्वतःभोवती भिंत उभारली आणि तो आंधळा झाला; मग मी जन्मले आणि त्याला जग परत मिळालं. हे वाक्य मी भिंतीत बसल्यावर म्हणायचं ठरवलं होतं. अजून बसायची आहे. मी एक जुनी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. जुनी, पण एकदाही न सरकलेली.

माझी ऑर्डर साधी नव्हती. एका निवृत्त बसड्रायव्हरचं अंग एका बाजूने लुळं पडलं, तेव्हा त्यांच्या मुलीने तळमजल्यावर, अगदी रस्त्यालगत, त्यांच्यासाठी खोली बांधायला काढली. खिडक्या असतात जमिनीपासून तीन फुटांवर. आडव्या माणसाला त्यातून फक्त आभाळ दिसतं, आणि ड्रायव्हरला आभाळाचा काय उपयोग? मुलीने विटांवर फळी टाकून खाटेएवढी उंची केली, त्यावर आडवी झाली आणि नजरेच्या खाली गवंड्याला रेघ मारायला लावली.

"ताई, एवढ्या खाली? लोक दार समजून आत येतील."

"येऊ देत. बाबांना सोबत होईल."

खिडक्या बनवणारा मिस्त्री गिलावा झाल्याशिवाय टेप काढत नसे. तीन ठिकाणी मोजायचं आणि सगळ्यात लहान माप धरायचं, हा त्याचा नेम. पण बाबा लवकरच दवाखान्यातून घरी येणार होते. "मिस्त्री, गिलाव्याची वाट कसली बघता? आत्ताच घ्या माप," मुलगी म्हणाली. त्याने उघड्या विटांवर टेप धरली. गिलाव्याचा एक इंच वजा करायचा आहे, हे विसरू नये म्हणून त्याने ते खडूने तिथेच भिंतीवर लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने त्या भिंतीला गिलावा केला.

बाबा आणि मी एकाच दिवशी घरी आलो. बाबा खाटेवर मावले, मी भिंतीत मावले नाही. लाकडाची असते तर रंधा मारला असता. ॲल्युमिनियमला पोट आत घेता येत नाही. कडा फोडायला हव्या होत्या, आणि गवंडी दुसऱ्या कामावर गेला होता. "दोन दिवसांत येतो," म्हणाला. गवंड्याचे दोन दिवस कुठल्याच कॅलेंडरात नसतात. कुत्री आत येतील म्हणून त्या भोकावर पत्रा ठोकला गेला आणि मला खाटेशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं.

बाबा माझ्यातून भिंत बघत. "काच बरी आहे," ते मुलीला म्हणाले. "रस्ता तेवढा नाही."

संध्याकाळी सव्वापाचची बस वळणावर घरघरली की ते कान टवकारत. "दुसऱ्या गियरला वळतोय गाढव. बघ गं, कोण चालवतंय?" मुलगी धावत बाहेर जाई आणि येऊन सांगे. कधीकधी बस निघून गेलेली असे. तेव्हाही ती येऊन काहीतरी सांगे.

आम्ही घरी आल्यापासून तेराव्या दिवशी बस वेळेवर आली. कोणीच काही विचारलं नाही.

चौदाव्या दिवशी गवंडी आला. दारातल्या चपला बघून त्याने छिन्नी पिशवीतून काढलीच नाही.

महिन्याभराने मिस्त्रीने विचारलं, "ताई, बसवू का? आता अर्ध्या तासाचं काम आहे."

"राहू दे. आता झोपून बघणारं कोण आहे?" तिने खालचं भोक बुजवलं. तीन फुटांवर तयार मिळणारी खिडकी लावली. ती खिडकी गुणी आहे, मला तिचा राग नाही.

मिस्त्रीने मला मोडीत घातलं नाही. त्याच रस्त्यावर त्याच्या कारखान्याबाहेर मी उभी आहे. कोणी विचारलंच तर तो म्हणतो, "विकायची नाही ती. माझं माप चुकलंय." हल्ली तो माप वहीत लिहितो, आणि कितीही घाईचं गिऱ्हाईक आलं तरी आधी विचारतो, "गिलावा झालाय का?" मित्रांनो, तुम्हीही विचारत जा. घाई मायेपोटी असली तरी विचारा.

बाकी माझी तक्रार नाही. फक्त मिस्त्री आपलं बनियन माझ्यावर वाळत घालतो. जाता-येता ते जरा बाजूला सारा. सव्वापाच होत आलेत.