ह्यांची उत्तरं

म्हाताऱ्यांना घरी मदतनीस देणाऱ्या सरकारी विम्याच्या बाई ह्यांना तपासायला यायच्या त्या दिवशी सुनेनं मला बजावलं होतं, बाबांना न्हाऊ घालू नका, कपडे बदलू नका, आहेत तसे दिसू देत. नटवलंत तर त्या म्हणतील, ह्यांना मदत कशाला? सून शिकलेली आहे. पण परकी बाई घरात येणार आणि माझा नवरा मळक्या पायजम्यात बसणार? मोक्पो शहरात आमच्या घराला काही नाव आहे. मी ह्यांना न्हाऊ घातलं, पांढरा शर्ट चढवला. माझं मोडून बसलेलं मनगट परत सुजलं. विम्यातून मदतनीस मिळाली नाही, तर ह्यांना उचलणं माझ्याच्यानं होणार नव्हतं आणि मुलगा ह्यांना म्हाताऱ्यांच्या इस्पितळात टाकणार होता.

बाई आल्या. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? ह्यांना कैक दिवसांत सकाळ-संध्याकाळ कळत नव्हती. ह्यांनी मान एका बाजूला कलती केली, कुणी कानाशी लागल्यासारखी, आणि म्हणाले, गुरुवार. गुरुवारच होता.

मग महिना सांगितला. बाईंनी म्हटल्याबरोबर हात वर केला. विमान, पेन्सिल, पाइनचं झाड, एवढं लक्षात ठेवा म्हणून बाईंनी सांगितलं होतं, तेही मागाहून बरोबर सांगितलं. दर वेळी आधी मान कलायची, शेजारच्या रिकाम्या आसनाकडे.

"स्वयंपाक कोण करतं, आजोबा?"

"बायको." मान कलली. "आई म्हणते, मुळा अजून जाडच चिरते."

बाई हसल्या. मी नाही हसले. माझ्या मुळ्याला नावं ठेवणारी जगात एकच होती, आणि तिला माती दिल्यावर माझी नातवंडं जन्मून मोठी झाली.

"आणि ह्या कोण?" बाईंनी माझ्याकडे हात केला.

"जोम-रे. माहेर गोक्सोंगचं."

विसरायचं दुखणं लागल्यापासून हे मला 'ओ बाई' म्हणायचे. ते नाव ऐकलं आणि मी भिंतीला टेकले.

टेकल्याटेकल्या आदली संध्याकाळ आठवली. सासूबाईंचं श्राद्ध होतं. त्यांच्या नावाचा कागद ताटामागच्या घडीच्या पडद्यावर लावला, त्यांना आत यायला दार किलकिलं ठेवलं, ताट मांडलं. नमस्कार चालू असताना ह्यांचा पायजमा भरला. मी ह्यांना न्हाणीघरात ओढलं, मुलगा जमीन पुसायला लागला, सून पाणी आणायला धावली. श्राद्ध संपलं की नावाचा कागद जाळायचा, मग आलेलं माणूस परत जातं. आमच्यापैकी कुणी तो जाळलाच नव्हता. घाईत कागदासकट पडदा घडी करून मागच्या खोलीत गेला होता.

बाई म्हणाल्या, "आजी, आजोबा ठणठणीत आहेत. मदत मंजूर व्हायची नाही." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या अंगणात गेल्या.

मी मागच्या खोलीत पडदा उलगडला. कागद होता. काडी ओढली, तर पुढून ह्यांचा आवाज आला.

"जोम-रे, आई विचारते, तुला मी असा भानावर आलेला नको का?"

माझा हात थांबला. आवाज ह्यांचा होता, टोचणी सासूबाईंची.

"सासूबाई," मी म्हटलं, "उत्तरं छान देता. ह्यांना उचलता येतंय का तुम्हाला?"

आणि कागद पेटवला.

बाई परत आल्या, लिहायचं राहिलंय म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, ह्या कोण? ह्यांनी मान कलती केली. वाट पाहिली. खूप वेळ पाहिली. मग हात लांब करून ते आसन चाचपायला लागले. मी ते उचललं. जमिनीखालच्या उबेनं सगळी खोली पायाखाली तापलेली होती, पण आसनाखालची तेवढी जमीन गार होती, विहिरीतल्या दगडासारखी.

बाईंनी आधीचं लिहिलेलं खोडलं. मदतनीस सोमवारपासून पाठवायला सांगते, म्हणाल्या.

"ओ बाई," हे मला म्हणाले, "माझी आई कुठं गेली?"

"मी पाठवली तिला. रागवा हवं तर माझ्यावर."

हे रागावले नाहीत. परक्या बाईवर कोण रागावतं?