बोकडांची कणगी

धाकटी सून जेवायला बसली की ताटातलं मटण हळूच नवऱ्याच्या ताटात सरकवायची, आणि ते बघून जमादारणीच्या डोक्यात तिडीक जायची. घरातल्या म्हाताऱ्या सासूला सगळं गाव जमादारीणच म्हणायचं, तोंडावर नाही एवढंच. ज्या घरचे बोकड बघायला चार गावचे खाटीक येतात, त्या घरच्या सुनेनं पालापाचोळा चघळावा, हे गाऱ्हाणं तिनं विहिरीवरच्या एकूण एक बाईला ऐकवलं होतं.

घरची रीत तिनंच घातलेली. चवळी निघाली की निवडायची. टपोरा दाणा मोठ्या कणगीत, तो बोकडांचा. फुटका-किडका चुलीजवळच्या लहान कणगीत, तो माणसांचा. खाटीक पाठ दाबून मांस बघतो ते बोकडाचं, माणसाची पाठ कोण दाबून बघतंय?

यंदा वारा नुसती धूळ वाहत होता. विहिरीच्या तळच्या पायऱ्यासुद्धा उघड्या पडल्या होत्या. उरलेलं पाणी पुरलं तर एकाच वावराला. बोकडांच्या चाऱ्याला मका पेरा, नाहीतर घरची चवळी. काय पेरायचं ते मुलगा रोज विचारायचा आणि जमादारीण रोज उद्यावर ढकलायची.

अशात खाटीक आला. त्यानं चार पाठी दाबल्या, हात झटकले आणि यंदा नुसती हाडंच पाळलीत का, असं विचारून चालता झाला.

जमादारणीनं तडक मोठ्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. मुठीत आला तो किडका भुगा.

सून चुलीपुढून हललीसुद्धा नाही. दोन महिने झाले, दोन्ही कणग्यांतल्या दाण्याची मीच अदलाबदल केली, म्हणाली.

"आत्याबाई, बोकड टोपलीभर खातो अन् ओंजळभर देतो. पाणी होतं तोवर चाललं. आता सगळ्यांनी असंच केलं, तर दाणाही राहायचा नाही अन् खाणारं माणूसही."

जमादारणीच्या जिभेवर शिव्यांची रांग लागली होती. पण दोन महिने त्याच चवळीच्या कालवणाला तिनं वाटी पुन्हा पुन्हा पुढं केली होती, सुनेच्या हाताला आता कुठं चव आली म्हणून शेजारणीला सांगितलंही होतं. तिला बसवेना. गोठ्यात गेली, परत आली. मक्याचं बियाणं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी घागर घेऊन विहिरीत उतरली, पार तळाला.

भरल्या घागरीनिशी वर आली, सवयीनं काठावर टेकायला गेली आणि थबकली. धाप लागलीच नव्हती. गेल्या साली पाणी वर होतं, तरी याच पायऱ्यांवर तीनदा बसावं लागायचं.

घरात येऊन तिनं घागर दाणकन सुनेपुढं ठेवली.

"चोर आहेस तू. माझ्या घरात, माझ्याच कणगीत हात घातलास. विहिरीजवळच्या वावरात चवळी पेरा. दोन बोकड ठेवा, बाकीचे त्या खाटकाच्या गळ्यात मारा. टपोरा दाणा आधी बियाण्याला, मग माणसाला. आणि पुढच्या वेळी चोरी करायची असली, तर मला विचारून करत जा."