लाभ, लाभ

नानाजी मापाऱ्यानं पायली तुरीच्या ढिगात खुपसली, तळहात फिरवून तिचं तोंड सपाट केलं आणि व्यापाऱ्याच्या पोत्यात उलटी केली.

“लाभ,” तो म्हणाला. पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही.

“लाभ, लाभ, लाभ,” शेजारी बसलेली रुखमा म्हणू लागली.

समुद्रपूरच्या बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसलेली गोपिका मांडीवरचं बाळ थोपटत तिकडेच पाहत होती. रुखमा तिची नणंद. वयानं मोठी, समजेनं लहान. कोणी काही बोललं की त्यातला शेवटचा शब्द उचलायचा आणि तोच घोळवत राहायचं, एवढंच तिचं बोलणं. निंदणाला नेली, तर तणाबरोबर रोपंही उपटून आली. सूत कातायला बसवली, तर बायका भलतंसलतं बोलून तिच्याकडून वदवून घेत आणि तोंडाला पदर लावून हसत.

शेवटी त्या सकाळी खुशाल, गोपिकेचा नवरा, म्हणाला होता, “माह्याच्यानं आता होत नाई. पुढच्या बाजारी तिले जाम गावाले मावशीकडे सोडून देतो.”

मावशी रुखमाचा पाय खाटेच्या खुराला बांधून ठेवायची. मागच्या खेपेला तिला परत आणली, तेव्हा घोट्याभोवती वळ होता. त्याला हळद गोपिकेनंच लावली होती.

नानाजीची छाती तुरीच्या भुसानं भरून गेली होती. हात शाबूत होते, पण पुढचं माप पडेस्तोवर मागचा आकडा म्हणत राहायला दम पुरत नसे. मधे खोकला आला की आकडा हरवे आणि भांडण पेटे. गोपिकेनं त्यालाच गळ घातली होती.

“नानाजी, आकडा तुमी एकडाव म्हणा. तो धरून ठेवाचं काम आमच्या बाईले द्या.”

चौथ्या मापापर्यंत नीट गेलं. मग तूर घेणारा प्रेमदास डोळे मिचकावत म्हणाला, “काऊन व रुखमे, तुले बाजारातून काय पायजे? नवरा?”

“नवरा, नवरा, नवरा...”

बाजार हसला. चार झाले की पाच, यावरून शेतकरी आणि प्रेमदास हमरीतुमरीवर आले. नानाजीनं पायली खाली ठेवली.

“सूनबाई, घेऊन जाय इले. माह्या पोटावर पाय येते.”

“पुढच्या बाजारी पुन्हा आणीन,” गोपिका म्हणाली आणि वांगी टोपल्यात भरू लागली.

रोज भाकरी टाकून झाल्या की ती उंबऱ्याबाहेर वाळूचा ढीग करी आणि लोटा घेऊन बसे.

“लाभ.”

“लाभ, लाभ...”

“बाई, मांजर आली पाहा!”

“मांजर, मांजर...”

“नाई. पुन्हा लाभ.”

खाटेवरून खुशाल म्हणे, “भिंतीशी बोलून राह्यली तू.”

गोपिका लोटा पुन्हा वाळूत खुपसे. वाळू सारखी करी.

एके संध्याकाळी बाळ झोपलं, ते रुखमाचं बोट मुठीत धरून. रुखमानं बोट ओढून पाहिलं. मूठ आणखी आवळली. तिनं पुन्हा ओढलं आणि हसली.

“सोडत नाई.”

हा शब्द कोणाचा उचललेला नव्हता. गोपिकेचा हात लोट्यावर थांबला. मग ती उठली, घरातून तुरीचा एक दाणा आणला, रुखमाच्या तळव्यावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

“बाई, बाळ धरते तसं धरा. हा लाभ हाय. मी दोन म्हणीन, तवाच सोडा.”

पुढच्या बाजारी खुशालनं बैलबंडी बाभळीखाली जुंपूनच उभी केली होती. आत रुखमाच्या लुगड्यांचं गाठोडं.

“एकच पोतं,” नानाजी कुरकुरला. “बिघडलं का मंग मले सांगू नको.”

“लाभ.”

रुखमानं ढिगातला एक दाणा मुठीत घेतला. “लाभ, लाभ...” दोन म्हणताच तो सोडला, दुसरा घेतला. पाचाला प्रेमदासनं तोंड उघडलंच.

“भेटला काय व नवरा?”

रुखमाचे ओठ हलले. “न...” मूठ आवळली. “पाच. पाच. पाच.”

सात म्हणता म्हणता नानाजीला खोकल्यानं वाकवलं. प्रेमदास घाईनं म्हणाला, “सहाच झाले ना?”

“सात,” रुखमा त्याच्याकडे न पाहता म्हणाली. “सात, सात.”

“बाई सात म्हणते,” शेतकरी बोलला. प्रेमदासनं पोतं पुढे सरकवलं, तेवढंच.

नऊ झाले होते, तेव्हा खुशाल बैल हाकायची तुतारी घेऊन आला.

“रुखमे, चाल.”

लहानपणापासून एवढंच पुरत असे. ती ‘चाल, चाल’ म्हणत मागे निघायची.

“नऊ,” रुखमा म्हणाली.

“चाल म्हणतो ना!”

“नऊ, नऊ.”

गोपिका अर्धी उठली. मग खाली बसली आणि रचलेलीच वांगी पुन्हा रचू लागली. खुशाल बहिणीच्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिला. पोत्याचं तोंड ढळलं, तसं त्यानं तुतारी काखेत मारली आणि ते दोन्ही हातांनी उघडून धरलं.

“दहा,” नानाजी म्हणाला.

पोतं भरलं. मापाची मजुरी म्हणून मिळालेल्या पसाभर तुरीतली अर्धी नानाजीनं रुखमाच्या पदरात ओतली. खुशाल बंडीकडे गेला. गोपिकेनं मान वळवली नाही. पण बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले, तेव्हा तिला पाहावंच लागलं. खुशाल बैल सोडून त्यांच्यापुढे कडबा टाकत होता.

नानाजीनं पुढच्या ढिगात पायली खुपसली.

“लाभ.”

रुखमानं हातातला जुना दाणा सोडला, नवा उचलला आणि मूठ मिटली.