भिंतीवरचे बत्तीस

कपड्यांच्या कारखान्यातल्या इस्त्रीच्या खोलीत सत्तावीस बायका आपापल्या टेबलाशी उभ्या होत्या.

"काल इथे एक बाई चक्कर येऊन पडली म्हणे. उष्णतेने?" कामगार खात्याच्या निरीक्षकाने विचारलं.

"छे हो साहेब, उपाशी आली होती," मॅनेजर हसला. "हा बघा थर्मामीटर. बत्तीस! पस्तिसाच्या वर गेलं तर आम्हीच काम थांबवतो. नियमच आहे."

आजारी माणूस नको म्हणून त्या बाईला त्याने कालच काढून टाकलं होतं. निरीक्षकाने बत्तीस लिहून घेतलं, की तिचं परत येणं संपलं.

मावशीच्या शेजारच्या टेबलाशी उभ्या भाचीने मान खाली घातली. सोमवारी ती नोकरीत कायम होणार होती. मावशीनेच तिला इथे चिकटवलं होतं आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हात चालवायचा, जीभ नाही."

आणि आता तीच मावशी इस्त्री उभी ठेवून भिंतीकडे निघाली.

"अगं, कुठे चाललीस?" भाची कुजबुजली.

मावशीने खिळ्यावरून थर्मामीटर काढला. त्याच्यामागे भिंतीला बोट जाईल एवढं भोक होतं.

"साहेब, इथे हात धरा. गार वारा येतोय. पलीकडे ह्यांची एसीची केबिन आहे."

चार महिने भाची त्या काचेच्या नळीकडे बघून स्वतःलाच बोल लावत होती. बत्तीसच तर आहे, मग आपल्यालाच कसं सोसत नाही?

मावशीने थर्मामीटर आपल्या टेबलाशी धरला. "दोन मिनिटं थांबा. पारा काही ह्यांचा जावई नाही, भीड धरायला."

छत्तीस. चाळीस. चव्वेचाळीसवर पारा थांबला.

"बाई, उद्यापासून येऊ नका," मॅनेजर म्हणाला.

"बरं. आज आहे ना मी?"

निरीक्षकाने पेन उघडलं. "रोज असंच असतं, हे सांगायला आणखी दोघी तरी हव्यात. एकीच्या जबानीवर भागणार नाही."

मग कोपऱ्यातून 'रेडिओ' पुढे आली. खोलीत खुट्ट झालं तरी मॅनेजरच्या कानावर घालणारी, म्हणून हे नाव. आता ही काय आग लावते, म्हणून भाची मावशीजवळ सरकली.

"माझं नाव लिहा," रेडिओ म्हणाली. "ते भोक पाडलं तेव्हा खालची माती मीच झाडली. तीन वर्षं झाली."

मावशी तोंडावर हात ठेवून तिच्याकडे बघतच राहिली.

"आणि माझं," कोणीतरी बोललं. तो आवाज आपलाच, हे भाचीला मॅनेजरची नजर वळल्यावर कळलं. सोमवार गेला, एवढंही त्या नजरेत कळलं. तरी ती मागे सरली नाही.

तिच्या पाठीमागे कोणीतरी इस्त्रीचा प्लग उपटला. मग दुसरा, तिसरा.

निरीक्षकाने मान वर केली. "हं, पुढचं नाव?"