शेवाळात पडलेली पुंगळी

मित्रांनो, माझ्याविषयी बोलताना लोक तीन विशेषणे वापरतात: जुनी, बारकी आणि रिकामी. पहिली दोन मला मान्य आहेत. तिसऱ्याबद्दल मात्र माझा वाद आहे, आणि तो मांडण्यासाठीच मी आज बोलते आहे.

मी रायफलीच्या काडतुसाची पितळी पुंगळी आहे. काडतूस म्हटले की तुम्हाला आठवते ती गोळी. पण गोळी म्हणजे काडतुसाचे केवळ टोक. दारू पोटात धरायची ती मी, दारू पेटवणारी टोपी बुडाशी बाळगायची ती मी, स्फोटाचा सारा दाब अंगावर घेऊन नळी सुरक्षित ठेवायची तीही मीच. काम झाले की नाव गोळीचे होते आणि मला बाहेर फेकले जाते. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही. पण हिशेब नीट मांडला जावा, एवढी माझी मागणी आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, पितळेच्या गोल चकतीतून झाला. मला दाबले, ओढले, मधूनमधून भट्टीत तापवून मऊ केले, पुन्हा ओढले. शेवटी मान आवळून बुडावर माझे माप उमटवले. आमच्या मापाला स्वीडनच्या उत्तरेकडील रानांत नुसते ‘साडेसहा’ म्हणतात. गोळीची जाडी साडेसहा मिलिमीटर, म्हणून साडेसहा. ग्रानोसेन गावात घोड्याहून उंच असलेल्या मूस हरणाची शिकार पणजोबांच्या काळापासून याच मापावर होत आली आहे.

ग्रानोसेनच्या टोर्बोर्गने मला विकत घेतले. टोर्बोर्ग दूधसंकलनाची गाडी चालवीत असे, आणि तिच्या तळघरात काडतुसे भरण्याचे छोटे यंत्र होते. एकदा उडालेली पुंगळी ती कधी टाकत नसे. मला धुवायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि तोंडाशी नवी गोळी. असे पुनर्जन्म मी किती घेतले ते मी मोजले नाही. मोजायचे ते तिने मोजले, कारण पितळ थकते आणि थकलेल्या पितळेवर विसंबू नये, हे तिला ठाऊक होते. मला बोटांत फिरवून ती म्हणायची, “चांगलं पितळ आहे.” माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी स्तुती. मला ती पुरली.

बंदूक मला नेहमी उजवीकडे, किंचित मागे, दोन हातांवर फेकत असे. टोर्बोर्ग वाकून मला उचलायची आणि खिशात टाकायची. तिचा धाकटा दीर रोल्फ यावर फार हसायचा. “वहिनी जनावर सोडील, पण पितळ सोडणार नाही,” असे तो शिकारखोपीत सर्वांना सांगे. तिचा नवरा सिग्वार्द डोळ्यांनी अधू झाल्यापासून त्या खोपीत सुपाचे पातेले सांभाळीत असे. तो पळी न थांबवता म्हणायचा, “तू पितळही सोडतोस आणि जनावरही, रोल्फ.”

या टोमण्यात तथ्य होते. आदल्या शरदात रोल्फची गोळी एका मूस मादीच्या पोटात लागली. जनावर लंगडत निघून गेले आणि तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी मेलेले सापडले, तेव्हा मांस कुजले होते. ग्रानोसेनमध्ये याहून मोठी लाज नाही. आता विचार करा, मित्रांनो. रोल्फची बंदूक माझ्याहून कितीतरी जड काडतुसाची होती. चुकला होता तो नेम. परंतु रोल्फने निष्कर्ष काढला तो असा की, काडतूस याहूनही जड हवे होते. त्याने अंगठ्याएवढ्या जाड पुंगळीची मॅग्नम बंदूक घेतली. इतकेच नव्हे, तर शिकारी जथ्याच्या बैठकीत त्याने ठराव मांडला की, यापुढे सर्वांनी जडच काडतूस वापरावे.

जथ्याचा प्रमुख एवाल्द हा न्यायी पण घाबरलेला माणूस होता. आणखी एक घायाळ जनावर रानात गेले तर शेजारच्या गावांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, या भीतीने त्याला रोल्फचे म्हणणे पटू लागले. टोर्बोर्ग तेवढी उभी राहिली. ती म्हणाली की, ती आधी मॅग्नम झाडून पाहील आणि मग बोलेल.

नेमबाजीच्या मैदानावर रुळांवरून धावणारे लाकडी मूस आहे. रोल्फने मोठ्या प्रेमाने आपली बंदूक वहिनीच्या हाती दिली. पहिल्या बाराने तिच्या डोक्यावरची टोपी उडाली आणि बघ्यांना हसू आवरेना. दुसऱ्याने खांदा काळानिळा झाला. तिसऱ्या वेळी मी तिच्या खिशातून ऐकत होते: चाप ओढण्याआधीच तिचा श्वास अडकला, शरीर आक्रसले. गोळी लाकडी मूसच्या शेपटीमागून निघून गेली. मग तिने आपली बंदूक घेतली, मला आत सरकवले, आणि धावत्या लाकडाच्या छातीवर, फुप्फुसाच्या जागी, अचूक भोक पाडले.

रोल्फ म्हणाला, “लाकूड आहे ते, वहिनी. खरं मूस तुझ्या सुईनं पडायचं नाही.”

“तोफ झाडताना माझे डोळे मिटतात,” ती म्हणाली. “तुझेही मिटतात. मी बघत होते.”

एवाल्दने मध्यम मार्ग काढला, आणि मध्यम मार्ग बहुधा दुबळ्यालाच अवघड जातो. टोर्बोर्गने एक शरद साडेसहा वापरावी. पण तिच्या बंदुकीतून एक जरी जनावर घायाळ होऊन हरवले, तर तिने जथ्यातली आपली जागा सोडावी आणि सिग्वार्दसोबत पातेल्यावर बसावे. टोर्बोर्गने होकार दिला. त्या संध्याकाळी तळघरात तिने मला भरले. दारू तोलताना तिचा हात नेहमीसारखाच स्थिर होता.

इथे पूर्वपक्ष असा येईल की, मी माझीच वकिली करते आहे. म्हणून स्पष्ट सांगते. जड काडतूस वाईट नव्हे. ज्याच्या खांद्याला ते पेलते आणि ज्याचे डोळे उघडे राहतात, त्याने ते खुशाल वापरावे. मीही काही खेळणे नव्हे. कायद्याने मूससाठी जेवढे बळ मागितले आहे तेवढे माझ्यात आहे. पण बळाचा उपयोग योग्य जागी पोहोचण्यापुरता. जनावर धक्क्याने मरत नाही, फुप्फुस फुटल्याने मरते. आणि चुकलेल्या नेमाची भरपाई करील एवढे मोठे काडतूस अजून कोणी ओतलेले नाही.

शिकारीच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून जागा ठरल्या. टोर्बोर्गला दलदलीच्या कडेची जागा आली. तिथे एका पाइनच्या झाडावर शिकाऱ्याने कुठे उभे राहायचे ते दाखवणारी फळी ठोकलेली आहे. हाका सुरू झाला, दुपार कलली, आणि एक थोराड नर झाडीतून बाहेर आला. पण तो आला नको त्या बाजूने. फळीपासून गोळी झाडली असती तर ती शेजारच्या शिकाऱ्याच्या रोखाने गेली असती. फळी सोडायची नाही हा जथ्याचा नियम. माणसाच्या दिशेने झाडायचे नाही हा त्याहून मोठा नियम. टोर्बोर्ग कोवळ्या स्प्रूस झाडांच्या आडून कडेकडेने सरकली, थांबली, नर पूर्ण आडवा होईपर्यंत थांबूनच राहिली. मग तिने चाप ओढला.

मी आपले काम केले. दाब सोसला, आणि पुढच्याच क्षणी उजवीकडे, किंचित मागे, ब्लूबेरीच्या झुडपाखाली शेवाळात जाऊन पडले.

नर पडला नाही. दचकलादेखील नाही. काही ऐकलेच नसल्यासारखा तो चालत झाडीत शिरला. दुसऱ्या बारासाठी टोर्बोर्ग त्याच्यामागे थोडी पुढे धावली, त्यामुळे मला उचलायचे राहिले. मग वॉकीटॉकीवर एवाल्दची हाक आली, आणि ती वळून फळीपाशी गेली.

रोल्फ आणि एवाल्द आले. टोर्बोर्गच्या कुत्र्याला, जनावराचा माग काढणाऱ्या टसलाही, गाडीतून आणले. आता या मंडळींची एक सवय ऐका. जड काडतुसाने जनावर बहुधा जागीच कोसळते, म्हणून आपण नेमके कुठे उभे होतो याची खूण करण्याची जुनी रीत जथ्यातून कधीच गेली होती. रोल्फने फळीपाशी उभे राहून हात लांब केला आणि शोध सुरू झाला. तिथे केस नव्हता, रक्त नव्हते. टोर्बोर्गने सांगितले की ती फळीपासून सरकली होती, पण कुठवर, ते तिलाही ओळखता येईना. कोवळे स्प्रूस एकासारखे एक दिसत होते. टस सकाळी गेलेल्या दुसऱ्याच मूसच्या मागावर लागला आणि टेकडीपलीकडे ओढू लागला. त्यात पाऊस पडू लागला. पाऊस रक्त धुऊन नेतो.

रोल्फ या वेळी हसला नाही. त्याच्या आवाजात कीव होती, आणि मला ती हसण्याहून जास्त बोचली. “पोटात लागली असणार, वहिनी. माझी लागली होती तशीच. सुई होती ना.”

एवाल्दने टोपी खाली ओढली. “आम्ही अंधार पडेस्तोवर शोधू. टोर्बोर्ग, तू बंदूक पिशवीत घाल आणि खोपीवर जा.”

टोर्बोर्गने बंदूक पिशवीत घातली. एवढा हुकूम तिने पाळला. मग ती खोपीकडे न जाता स्प्रूसांच्या कडेने गेली, हातमोजे काढले आणि ओल्या शेवाळात गुडघे टेकले.

“हे बघा,” रोल्फ एवाल्दला म्हणाला. “जनावर गेलं, आणि ही पितळ वेचतेय.”

उघड्या बोटांनी ती शेवाळ चाचपत राहिली, एक झुडूप झाले की दुसरे. मित्रांनो, मी तिला हाक मारली नाही. मला तोंड आहे, आवाज नाही. मी चमकलेही नाही, कारण ऊन नव्हते. मी पडल्या जागी पडून राहिले. माझा सारा पराक्रम तेवढाच. गोळी पुढे निघून गेली होती, जनावर निघून गेले होते, धूर विरला होता, माणसांना आपलीच पावले आठवत नव्हती. त्या क्षणाचे जे घडले ते जिथल्या तिथे राखून राहिली होती एक मीच.

तिची बोटे माझ्यावर पडली. तिने मला उचलले नाही. ती माझ्या डावीकडे, दोन हातांवर, किंचित पुढे सरकून उभी राहिली आणि मान वर केली.

“इथे होते मी,” ती म्हणाली. “आणि तो त्या दोन बर्च झाडांच्या मधे. एवाल्द, टसला इकडे आण.”

बर्चच्या मधे राठ केसांचा झुबका पडला होता. पुढच्या पानांवर फेसाळ, गुलाबी रक्त होते. फुप्फुसाचे रक्त असेच असते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. टसने नाक लावले आणि सरळ आत गेला. धोंडा भिरकावला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर, एका खळग्यात, नर कुशीवर पडलेला होता. तो केव्हाच मेला होता.

एवाल्दने स्प्रूसची एक डहाळी मोडली आणि शिकार साधणाऱ्याचा मान म्हणून टोर्बोर्गच्या टोपीत खोचली. म्हणाला, “पातेल्याला दुसरा माणूस बघतो.”

रोल्फ त्या नराभोवती फिरला, ते बारीक भोक त्याने पाहिले. “कंजुषी कामाला आली तुझी, वहिनी.”

“गेल्या वर्षीच्या त्या गोळीची तुझी पुंगळी कुठाय?”

“मला काय माहीत. कोण वेचतं?”

“तू कुठून मारलीस तेही तुला माहीत नव्हतं. दोन दिवस आपण भलत्याच बाजूला शोधत होतो, रोल्फ.”

टोर्बोर्ग परत आली आणि मग तिने मला उचलून खिशात टाकले.

पुढच्या शरदात चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी एवाल्दने खोपीत नवा नियम सांगितला: काडतूस ज्याला जे पेलेल ते, पण बार झाला की आधी पुंगळीच्या जागी खूण, मग जनावर. त्याच आठवड्यात रोल्फ आपल्या मॅग्नमची जाड पुंगळी शोधत शेवाळात रांगताना सर्वांनी पाहिला. सिग्वार्दला दिसले नाही, म्हणून त्याला दोनदा सांगावे लागले.

मी त्या वेळी भरलेल्या काडतुसांच्या रांगेत नव्हते. हिवाळ्यात टोर्बोर्गने मला धुऊन उजेडात धरले, तेव्हा माझ्या मानेवर केसासारखी चीर दिसली. अशी पुंगळी पुन्हा भरत नाहीत. पकडीने चेपून भंगारात टाकतात, म्हणजे चुकूनही कोणी वापरू नये. तिने पकड हातात घेतली, थोडा वेळ धरली, आणि खाली ठेवली.

म्हणून मित्रांनो, माझी दया करू नका. निवडताना मोठे काय हे जरूर पाहा, पण आपले डोळे कशाने उघडे राहतात ते आधी पाहा. आणि ज्याचे काम संपले असे वाटते, त्याला फेकण्यापूर्वी ते कुठे पडले होते, तेवढे तरी लक्षात ठेवा.

आता मी टोर्बोर्गच्या कोटाला दोरीने टांगलेली असते. रिकाम्या पुंगळीच्या तोंडावर ओठ ठेवून फुंकले की शीळ वाजते. रोल्फच्या मॅग्नमची पुंगळी घुबडासारखी घुमते. टस तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. माझा सूर चिरेमुळे जरासा फाटका निघतो. पण तो ऐकताच टस रानात जिथे असेल तिथून कान टवकारतो, आणि धावत येतो.