एकाच आईची पिल्लं

आमच्या मत्स्यबीज केंद्रात माशांची पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत वाढवून तळेवाल्यांना विकतात. सासूबाईंनी दोन्ही मुलांना एकेक टाकी दिली होती. ज्याची पिल्लं चांगली भरतील त्याच्याकडे सगळं केंद्र, दुसऱ्यानं बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरायची, असं ठरलं होतं.

आमच्या ह्यांची टाकी उन्हातली, ऐसपैस. भाऊजींची शेडमागे, भिंतीच्या सावलीत, आणि तिच्यात पिल्लांची नुसती चेंगराचेंगरी. ही वाटणी ह्यांनीच केलेली. खाणं मात्र मी कालवायचे. पेंड आणि सुकटीची पूड आमच्या टाकीत, उरलेला कोंडा भाऊजींच्या. ह्यांनी सांगितलं, मी ऐकलं. एरवी मी इतकी आज्ञाधारक कशातच नाही.

भाऊजी रोज टाकीच्या काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत राहायचे. पिल्लं खुरटलेली, डोकं मोठं आणि अंग सुतळीएवढं. रोज काही मरायचीही. हे येता-जाता म्हणायचे, याच्या हाताला गुणच नाही. मग सगळेच म्हणू लागले. मीही हसायचे.

आज तळेवाला आला. दोन्हीकडची पिल्लं दोन घमेल्यांत काढून त्याच्यापुढे ठेवली. जात वेगवेगळी आहे का, असं त्यानं विचारलं.

ह्यांना चेव चढला. "छे हो. एकाच आईची, एकाच दिवशीची. धाकट्यानं त्यांची अशी वाट लावलीय."

सासूबाई घमेल्यावर वाकल्या होत्या, तशाच थांबल्या.

"एकाच आईची ना? मग ह्या खुरट्यांच्या तोंडात काय पडत होतं ते सांग."

हे माझ्याकडे बघू लागले. माझी मान वर होईना.

"कोंडा," मी म्हणाले. "मीच घालत होते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसासमोर झालं म्हणून नाही, भाऊजी ऐकत होते म्हणून.

सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. उद्यापासून उन्हातली टाकी धाकट्याची, आणि पुढे केंद्रही त्याचंच.

भाऊजींनी खुरट्या पिल्लांचं घमेलं पायानं हळूच माझ्याकडे सरकवलं.

"ही तुम्हीच टाकीत सोडा वहिनी. मी कारखान्यातच जातो. पाण्यात हात घालायची भीती वाटते आता. माझ्या हातानं मरतात."

तुमचा काहीच दोष नव्हता, असं मी पुन्हापुन्हा सांगितलं. त्यांनी समजुतीनं मान हलवली, पण दोन्ही हात पाठीमागेच ठेवले.