लुगड्याच्या मापाची शिकार

विकीला शिकारीला जायचं होतं आणि त्याच्या आईला, मोहने गावच्या बायजाबाईला, लेकीचं, ऋतिकाचं, लगीन पार पाडायचं होतं. दोन्ही एकाच महिन्यात आलं, तिथंच सगळा घोळ झाला.

विकीचा एक शाळासोबती आफ्रिकेत जाऊन बसलेला. तिकडं परवाना काढून रानडुक्कर मारता येतं, म्हणून त्यानं बोलावणं धाडलं. तेव्हापासून विकीचे पाय जमिनीला लागेनात. आधी घरात धनुष्य आलं. गच्चीवरून सोडलेला पहिला बाण पाण्याच्या टाकीत घुसला, दुसरा कुठं गेला ते अजून कोणाला कळलेलं नाही. रायफल तिकडं पोचल्यावर मिळणार होती, ही बायजाबाईच्या मते गावदेवीची कृपा. राहिलं होतं ते सावज किती लांब उभं आहे ते सांगणारं यंत्र. रेंजफाइंडर म्हणतात त्याला.

लग्नाच्या साड्या घ्यायला मायलेक ठाण्याला गेले, तेव्हा विकीनं आईला आधी त्या दुकानात नेऊन बसवलं. दुकानदार शहाणा माणूस. त्यानं पहिलंच विचारलं, धनुष्यासाठी हवं की रायफलीसाठी? धनुष्याला जवळचं माप चोख लागतं, आणि शिकारी झाडावर बसलेला असला तर उतारही धरावा लागतो. रायफलीला लांबचं दिसलं पाहिजे, आणि मधल्या गवताचं नाही, गवतामागच्या जनावराचं अंतर मिळालं पाहिजे. विकी म्हणाला, दोन्हीला चालेल असं द्या. नवरदेवाच्या मिरवणुकीला आणि भात मळायला एकच बैल मागावा, तशातलं ते.

बायजाबाईनं चहाचा कप खाली ठेवला. "तू बटन दाबशील तवर तो डुक्कर उभा र्‍हाईल का? का त्याला पन फोटो काढायचा असतो?"

दुकानदार हसू दाबत खाली बघायला लागला. मग त्यानं चार यंत्रं मांडली, पण विकीनं उचललं ते व्हिडिओतल्या दाढीवाल्या गोऱ्याच्या हातातलं. त्याच्यावर पानापानांची नक्षी होती, रानात दिसू नये म्हणून. दुकानदार त्यातली मापं कशी बदलायची ते सांगू लागला, तर विकी म्हणाला, व्हिडिओत सगळं बघितलंय. आणि यंत्रासोबत स्वतःचा फोटो काढू लागला.

घरी आल्यावर त्यानं देवळाचा कळस मोजला, समोरच्यांची टाकी मोजली, जुन्या कारखान्याकडची चिमणी मोजली. शेवटी त्याची नजर गणूकाकाच्या वाडीवर गेली.

गणू म्हणजे बायजाबाईचा धाकटा दीर. सासऱ्यांनी दोन्ही भावांना लागून-लागून सारख्या वाड्या दिलेल्या, सरकारी मोजणीनं शंभर-शंभर मीटर लांब. विकीनं काकाच्या कुंपणाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकावर यंत्र धरलं, बटण दाबलं. एकशे नऊ.

शिकाऱ्याचं रक्त त्याच्यात होतं की नाही देव जाणे, पण जमीनवाल्याचं रक्त तेव्हाच उसळलं. वाडीमागच्या नाल्याकडली सरकारी कड काकानं दाबली, आपल्याला सांगितलंसुद्धा नाही, असं ओरडत तो आईकडं धावला.

खरं तर बायजाबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घालायचा. पण ते वरचे नऊ मीटर तिच्या कानाला गोड लागले. नवरा गेल्यापासून ती गणूत खोट शोधत होती आणि सापडत नव्हती. खोट नसलेला दीर शेजारी असणं म्हणजे रोजचा जाच. ती तडक त्याच्या ओट्यावर गेली आणि त्याच्या बायकोसमोर, मालनसमोर, चोर हा शब्द सोडून सगळं बोलली.

गणू वाल सोलत होता. हातातली शेंग पूर्ण सोलून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"वयनी, मंग ऋतिकाची हळद त्या यंत्रालाच लावाय सांग." आणि आत निघून गेला.

बायजाबाई त्याच्यामागं दारापर्यंत गेली आणि परत फिरली. त्यांच्या घरात बाप नसलेल्या पोरीला पहिली हळद काका लावतो. काका उंबऱ्यात नसला तर लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गाणं उचलत नाही, आणि सगळं मोहने गाव विचारणार, का नाही आला? विकी मात्र पुढली तक्रार कुठं करायची ते शोधत होता.

 ऋतिकानं यंत्र घेतलं आणि आपल्याच वाडीची लांबी मोजली. एकशे नऊ.

विकीचा चेहरा उजळला. "आई, आपली पण वाढली."

"जमीन काय गाय हाय, व्यायला?" बायजाबाई म्हणाली.

आकड्याशेजारी बारीक इंग्रजी अक्षर होतं, ते ऋतिकानं दाखवलं. हे मीटर नव्हेतच, यार्ड आहेत. यार्ड मीटरहून आखूड असतो, म्हणून आकडा फुगतो.

"यार्ड म्हंजे वारच ना?" बायजाबाईनं विचारलं. ऋतिकानं मान डोलावली. बायजाबाईनं आपल्या नऊवारी लुगड्याचा पदर हातात धरला आणि लेकापुढं केला. "माज्या लुगड्याच्या मापानं तू काकाला चोर केलास. आन् मी तुजा आइकला."

हळदीला गणू आला. पोरीसाठी आला. पण मांडवात शिरला नाही. दोन वाड्यांच्या बरोब्बर बांधावर खुर्ची टाकून बसला आणि विकीला हाक मारून म्हणाला, हितनं नवरीपर्यंत किती ते मोज, मापात बसत असंल तर येतो. पाहुणे हसले. विकी गळ्यात ते यंत्र अडकवून उभा, त्याला हसताही येईना.

धवलारीण गाणं उचलेना. ऋतिका पाटावर बसलेली, मान खाली.

बायजाबाईनं हळदीची वाटी उचलली. साऱ्या मांडवाच्या नजरेसमोर ती बांधापर्यंत चालत गेली, कोणाकडं न बघता.

"भावजी, माजी मान मोडंल पन वाकनार नाय, तुमाला ठाव हाय," ती म्हणाली. "म्हनून वाटीच हितं आनलीय."

गणूनं तिच्याकडं बघितलं. मग वाटीत बोटं बुडवली, उठला आणि मांडवात शिरला. वाटेत विकीपाशी थांबला, त्या यंत्राच्या काचेला हळदीचं एक बोट लावलं, आणि उरलेली हळद घेऊन पोरीकडं गेला. धवलारणीनं गाणं उचललं.

विकी आफ्रिकेला गेला आणि हात हलवत परत आला. त्या काचेवरची हळद निघाली नव्हती, म्हणून डुक्कर नीट दिसलं नाही, असं तो सांगतो. बायजाबाई म्हणते, डुकराला मात्र तो नीट दिसला असणार.